हौशीचा परवाना

तलावाच्या पाळीवरून जाणारा माणूस थांबला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "मासे लागतात का?" पाळीवर रोवलेला उंच कळक, त्याच्या टोकापासून झाडापर्यंत ताणलेली बारीक तार आणि खाली घडीच्या खुर्चीवर मान घालून बसलेला माणूस. परक्याला दुसरं काय वाटणार? कायोचं उत्तरही ठरलेलं होतं. "नाही हो, रेडिओ आहे. हौशी रेडिओ. लांबच्या माणसांशी बोलतात." मग पुढचे प्रश्न ओळीनं येत. किती लांब? ओळखीचे असतात का? बोलता तरी काय? ह्याचे पैसे मिळतात का? मिळत नाहीत म्हटल्यावर माणूस जरा खट्टू होई, आपलीच काहीतरी फसवणूक झाल्यासारखा तारेकडे पुन्हा एकदा बघे आणि चालू लागे.

ही उत्तरं देणं हेच कायोचं काम. तिचा नवरा, तेरुओ सोगो, एकदा कानाला हेडफोन लावून बसला की त्याला मध्येच कुणी हटकलेलं खपत नसे. तो रागवायचा नाही, रागावणं त्याच्या अंगातच नव्हतं; पण दचकायचा, आणि पलीकडं कष्टानं लागलेला माणूस हातचा निसटायचा. म्हणून बऱ्याच वर्षांपूर्वी त्यानं कायोलाही परवान्याच्या परीक्षेला बसवलं. ती पास झाली, तिच्या नावानं परवाना आला, मुठीत मावेल असा एक छोटा संच आला. आणि खरं काम मिळालं ते रस्त्याकडे तोंड करून बसायचं. बसल्या बसल्या ती शेंगा सोलायची, मोजे रफू करायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं समाधान करायची. गावात सगळे म्हणत, सोगोच्या घरी बोलायला बायको आणि ऐकायला नवरा.

त्यांचं घर डोंगराच्या कुशीत खाली होतं. तिथून आवाज बाहेर जात नसे. म्हणून रविवारी आणि रोज संध्याकाळी, शेतातलं आणि पंपदुरुस्तीचं काम आटोपलं की तेरुओ सगळा पसारा सायकलच्या मागं बांधून पाळीवर यायचा. सानुकीच्या ह्या मुलखात नद्या नावापुरत्या. सगळं गाव ह्या तलावावर जगायचं. तेव्हा पाळीवरून माणसांची ये-जा असेच.

त्या वर्षी पावसाळा तोंड दाखवून गेला. लावण्या कशाबशा उरकल्या आणि आभाळ जे निवळलं ते निवळलंच. तलाव दिवसागणिक खाली बसत गेला. आधी कडेची दगडी बांधणी उघडी पडली, मग चिखल, मग चिखलाला भेगा. तळात बुडालेली जुनी पायवाट वर आली तशी ताकामात्सू शहरातून माणसं मोटारी घेऊन ती बघायला येऊ लागली. भेगेत हात घालून फोटो काढत. पाळीवर तेरुओ दिसला की त्यांच्या प्रश्नांना नवा विषय मिळे.

"ह्याच्यावर पाऊस कधी येणार ते कळतं का हो?" एका पांढऱ्या टोपीवाल्यानं विचारलं.

"नाही कळत," कायो म्हणाली.

"मग कळतं तरी काय?"

"तिकडं उत्तरेला, होक्काइदोला काल पाऊस झाला, हे कळलं."

"म्हणजे दुसऱ्याच्या घरचं जेवण," टोपीवाला हसला. कायोही हसली. हसल्यावर तिचे कोरडे ओठ फुटले आणि जिभेला रक्ताची चव लागली.

गावातल्या माणसांमध्ये न चुकता थांबणारी एकच होती, किनुए. साठी ओलांडलेली विधवा, पाठीला टोपली, डोक्याला फडकं. तिचा एकुलता एक मुलगा ओसाकाला गेला तो तिकडचाच झाला. तिच्याकडं एकच खाचर होतं, पाटाच्या अगदी शेंड्याला, आणि त्याला लागूनच सोगोंचं. दोन्हींच्या मध्ये एकच बांध. त्या बांधावर बसून किनुएनं आणि कायोनं किती वर्षं भाताचे गोळे आणि मुळ्याचं लोणचं वाटून खाल्लं त्याला गणती नाही. कायो नवी सून म्हणून आली तेव्हा तिला लावणीची मूठ धरायला किनुएनं शिकवलं होतं, आणि वाकडी ओळ लागली तर चिखलाचा हात पाठीवर मारलाही होता.

"काय रे तेरुओ, आज कोण सापडलं?" ती विचारायची.

तिच्यासाठी मात्र तेरुओ एका कानावरचा हेडफोन बाजूला करी. "निईगाताचा एक सुतार."

"काय म्हणतो?"

"कंबर धरलीय म्हणतो."

"मग त्याला सांग, मिठाचं पोटीस लाव." आणि ती टोपली सावरून पुढं जाई. गंमत अशी की तेरुओ खरंच त्या सुताराला मिठाचं पोटीस सांगे.

भात पोटरीला आलं आणि पाणीप्रमुख मियाताकेनं माणसं गोळा केली. भल्या सकाळी, पाळीवरच, पाणदेवीच्या छोट्या देवळासमोर. मियाताकेची खाचरं तलावाच्या पायथ्याशी. त्याचा आवाज मऊ होता. ज्यांना पाणी आधी मिळतं त्यांचा आवाज मऊच असतो.

"उदबत्ती काढावी लागणार," तो म्हणाला.

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. जुनी रीत होती ती. दुष्काळात तलावाची पाणी सोडायची मोरी उघडायची ती पाळीपाळीनं, आणि पाळी मोजायची उदबत्तीनं. ज्याचं जेवढं खाचर तेवढ्या लांबीची उदबत्ती तोडायची. ती जळून राख पडली की पाळी संपली. उदबत्ती सांभाळायला म्हाताऱ्या गेन्झोकाकाला बसवायचं ठरलं. त्यानं मोरीशेजारच्या चटईच्या आडोशात शेताकडे पाठ करून बसायचं आणि उदबत्ती जळत असताना कुणाशी बोलायचं नाही, म्हणजे कुणाची भीड पडायला नको.

अडचण होती ती शेंड्याच्या खाचरांची. मोरीतून सुटलेलं पाणी तिथं पोचायला वेळ लागे, आणि पाणी खाचराशी पोचल्यावर उदबत्ती लावायची हा न्याय. पण ते पोचलं हे पाळीवर कळणार कसं? मध्ये टेकाड आणि बांबूचं बन. निशाण दिसत नाही, ढोल ऐकू येत नाही. सायकलवरून निरोप वर नेईपर्यंत पाणी फुकट वाहतं म्हणून पाटाच्या वरच्या अंगाची घरं तक्रार करतात. म्हणून पूर्वीपासून अंदाजाचा हिशेब होता. मोरी उघडली की आधी अर्धी उदबत्ती वाटेची जाळायची, मग खाचराची लावायची.

"अर्धी पुरत नाही यंदा," किनुए मागून म्हणाली. "पाट भेगाळलाय. पाणी जमीनच पिते. शेंड्याला माझं खाचर पहिलं. पाट ओला होतो माझ्या उदबत्तीनं. माझी जळून संपते तेव्हा कुठं पाणी धड यायला लागतं."

"मग करायचं काय?" मियाताके म्हणाला. आणि त्याचं लक्ष कळकाकडे गेलं. "तेरुओ. तुमच्याकडं दोन संच आहेत ना? एक तू इथं धर, एक कायो तिथं धरेल. पाणी आलं की तिनं सांगायचं. तुझ्या तोंडून शब्द आला की गेन्झोकाका उदबत्ती लावतील. कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. वरची घरंसुद्धा गप्प बसली. किनुएच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं, आणि तिनं कायोच्या दंडाला चिमटा काढला. कायोलाही धन्य वाटलं. इतकी वर्षं ज्या तारेची गावानं टिंगल केली ती आता गावाच्या कामी येणार होती.

तेरुओनं टोपी काढली. कपाळ पुसलं. "ते नाही जमायचं," तो म्हणाला.

"का, बॅटरी नाही?"

"बॅटरी आहे. परवाना हौशीचा आहे. त्याच्यावर कामाचं बोलता येत नाही. कुठलंच काम. नियम आहे तसा."

क्षणभर कुणाला कळेचना. मग कुणीतरी हसलं.

"अरे, ऐकतंय कोण इथं डोंगरात?" मियाताके म्हणाला.

"सगळेच ऐकतात. रेडिओच आहे तो."

"आणि ऐकलं तर? फाशी देतील?"

"देणार नाहीत," तेरुओ म्हणाला. "तरी नाही."

किनुए पुढं आली. ती हळूच बोलायला लागली, लहान मुलाला समजवावं तशी. "दुपारी तू कायोला त्याच्यावर जेवायला बोलावतोस. ऐकलंय मी बांधावरून. ते कसं चालतं?"

"ते घरचं बोलणं. नवरा-बायकोनं काय खाल्लं हे बोलायला बंदी नाही. पाणी वाटणं हे गावचं काम."

"आणि आग लागली तर?"

"आग लागली, कुणाचा जीव चालला, तर बोलायची मुभा आहे."

"मग हे काय चाललंय?" किनुएनं खाली, भेगाळल्या तळाकडं हात केला. "आगच की ही. सावकाश लागलीय इतकंच."

 तेरुओ मान खाली घालून म्हणाला, "मी पळेन. पाणी आलं की मी बांबूच्या बनातून पळत वर येऊन सांगेन. रोज. कुणाच्याही पाळीला."

"पळ मग," मागून कुणीतरी म्हणालं. "हौसेला मोल नसतं." सगळे हसले. निरोप पळत आला काय आणि सायकलवर आला काय, वाटेत पाणी वाहणारच, म्हणून ते मोडीत निघालं आणि अंदाजाची अर्धी उदबत्तीच कायम झाली. किनुए हसली नाही. तिनं टोपली पाठीला चढवली आणि कायोकडं न बघता पाळ उतरून गेली.

त्या दिवसापासून पाळीवरचे प्रश्न बदलले. आता थांबणारे कायोला विचारत नसत, एकमेकांना ऐकवत. "आज काय, होक्काइदोचं भात कसं आहे?" "हळू बोला रे, नियमात बसतं का बघा." दुकानातली बाई कायोच्या हातात सुटे ठेवताना म्हणाली, "हे घ्यायला परवाना लागेल का तुम्हाला?" अपमान लहान असला की त्याला उत्तर देता येत नाही, दिलं तर आपणच लहान दिसतो. कायो सुटे घेऊन घरी आली आणि स्वयंपाकघरात उभी राहिली. नळाला पाणी ठरावीक वेळच यायचं. उदोनच्या शेवया उकळायला पाणी फार लागतं म्हणून उदोनही घरात बंद होतं. सानुकीच्या माणसाच्या घरात उदोन नाही म्हणजे चुलीला सुतक.

"तुम्ही एकदाच बोला," तिनं जेवताना तेरुओला म्हटलं. "आपल्यासाठी नाही. किनुएताईसाठी."

"आपल्याला तर त्यात काही फायदाच नाही," तो म्हणाला. "तिच्या पाण्यानं पाट भिजतो आणि आपलं खाचर भरतं. मला ते दिसत नाही का?"

"दिसतं ना. मग?"

तो वाटीतला भात टोचत राहिला. एरवी हा माणूस कशालाही नाही म्हणत नसे. दुरुस्त केलेल्या पंपाचे पैसे मागायला विसरायचा, बांध कोरून कुणी वीतभर आत सरकलं तर राहू दे म्हणायचा. कायोनं त्यावरून त्याला कितीदा धारेवर धरलं होतं.

"गावात नियम असतो," तो शेवटी म्हणाला, "पण तो मियाताकेच्या खाचरापाशी एक असतो आणि आपल्यापाशी येईतो दुसरा होतो. माझ्या बापानं जन्मभर हेच बघितलं. तारेवर तसं नाही. तिथं डॉक्टर असो, सुतार असो, सगळ्यांना एकच. माझी पाळी आली की मी बोलायचं, त्याची आली की गप्प बसायचं. तिथं मी शेंड्याचा सोगो नाही. आता गरज पडली म्हणून तिथलाही नियम वाकवला, तर मग माझ्याकडं राहिलं काय, सांग."

कायोला ते पटलं. पटलं म्हणूनच तिला जास्त राग आला. तिनं ताट उचललं आणि आत गेली.

शेंड्याची पाळी रविवारी आली. भाताची पानं सुरळ्या होऊन सुईसारखी उभी होती. पोटरीतून लोंबी बाहेर पडायची ती अडकून बसली होती. ह्या आठवड्यात पाणी मिळालं तर दाणा, नाहीतर पोकळ पळिंज, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आणि तलावात उरलेलं पाणी बघता पाळी पुन्हा फिरून येईल असं कुणी धरत नव्हतं.

तेरुओ सकाळीच पाळीवर गेला. आजही तार बांधली त्यानं, हे वरून उतरणाऱ्या एकानं मुद्दाम थांबून कायोला सांगितलं. ती खोरं घेऊन बांधावर आली तेव्हा किनुए आधीच पाटात उतरली होती. चिरा पडलेल्या पाटाला ती हातानं चिखल लिंपत होती. चिखल तरी कुठला, घरून बादलीत भिजवून आणलेली माती. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे पडले होते.

"मी घेऊ का एक बाजू?" कायोनं विचारलं.

"घे."

दोघी वाकून लिंपत राहिल्या. ऊन पाठीवर बसलं. झाडांवर किडे एकसारखे किरकिरत होते. वर केव्हातरी मोरी उघडली असणार, कारण पाटाच्या वरच्या वळणावर एक टिटवी ओरडत उठली. किनुए उठून उभी राहिली, कमरेवर हात ठेवून बघत. पाणी दिसेना. ती पुन्हा बसली, पुन्हा उठली.

"वाटेची अर्धी जळून गेली असणार आता," ती म्हणाली.

कायो लिंपतच राहिली.

"आता माझी लागली असेल."

पाणी अजून दिसत नव्हतं. किनुए पाटानं उलटी वर चालत गेली, वळणापर्यंत, आणि तशीच परत आली. तिचा चेहरा बघून कायोनं मान वळवली. ऊन आणखी चढलं आणि मग कधीतरी पाण्याची जीभ आली. काडीकचरा पुढं ढकलत, वाटेतली प्रत्येक भेग भरत, थांबत, पुन्हा सरकत. म्हातारं माणूस जिना चढतं तसं ते येत होतं. किनुएच्या खाचराच्या दाऱ्याशी ते टेकलं तेव्हा तिनं खोऱ्यानं माती ओढली आणि पाणी खाचरात शिरलं. जमीन सूं करून आवाज करत होती.

कायोनं खिशातून छोटा संच काढला.

 इतक्या वर्षांत तिनं त्याच्यावर भाजी आणि जेवण सोडून काही बोललेलं नव्हतं. किनुएनं बघितलं आणि खोरं टाकून जवळ आली. कायोनं बटण दाबलं. सवयीनं तिनं आधी नवऱ्याच्या परवान्यावरची ओळख सांगणारी अक्षरं म्हटली, मग आपली. मग म्हणाली, "पाणी आत्ता आलंय. किनुएताईच्या दाऱ्याशी. आत्ता. गेन्झोकाकांना सांगा, आत्ता नव्यानं लावा म्हणावं."

तिनं बटण सोडलं. खरखर झाली. दोघी संचाकडं बघत राहिल्या.

मग तेरुओचा आवाज आला. स्वच्छ, अगदी शेजारी उभा असल्यासारखा. त्यानंही आधी तिची अक्षरं म्हटली, मग आपली. "ऐकू आलं," तो म्हणाला. "हे बोलणं परवान्यात बसत नाही. मी संच बंद करतो आहे." आणि पुन्हा अक्षरं म्हणून आवाज गेला.

खरखरही थांबली. कायोनं बटण पुन्हा दाबलं, पुन्हा बोलली, ह्या वेळी अक्षरं न म्हणता. "अहो. अहो, ऐका ना." पलीकडं कुणी नव्हतं. तिचं तोंड भाजल्यासारखं तापलं. किनुए तिच्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. किनुएनं खोरं उचललं आणि पाण्यामागं खाचरात चालायला लागली. जेवढं मिळेल तेवढं लवकर पसरावं म्हणून ती पायानं वाट करून देत होती.

खाचर अर्धंही भिजलं नसेल. बांधावर सायकलची घंटी वाजली. मियाताके घामानं निथळत आला होता, गळ्यात टॉवेल.

"किनुए, पाळी संपली. दारं बंद कर."

"आत्ता तर आलं पाणी," किनुए म्हणाली. तिला उत्तर माहीत होतं, तरी म्हणाली.

"मी काय करू? उदबत्ती विझली. सोगोंची लागली. काकांनी लावलीसुद्धा." तो कायोकडं वळला. "घे बाई, तुझं पाणी. वाहतं आलंय, तुझं खाचर तुडुंब भरेल. नवऱ्याचा नियम फळला तुला."

किनुए वाकली. मातीचा गोळा करून तिनं आपलं दारं बंद करायला घेतलं. तिचे गुडघे चिखलात होते आणि पाठीवरून घाम कमरेच्या पट्ट्यात उतरत होता. ती एकेक गोळा नीट दाबून बसवत होती. इतकं सगळं होऊनही दुसऱ्याच्या पाळीतलं एक थेंब पाणी आपल्यात झिरपू नये म्हणून ती दाबत होती. कायोला ते बघवेना.

"राहू द्या ते," ती म्हणाली.

किनुएनं मान वर केली नाही.

"दारं बंद करू नका म्हणते मी." कायो पाटात उतरली आणि खोऱ्यानं तो ओला बांध फोडला. पाणी पुन्हा किनुएच्या खाचरात वळलं.

"अगं, तुझी उदबत्ती जळतेय तिकडं," मियाताके म्हणाला.

"जळू दे. माझ्या उदबत्तीचं पाणी आहे ना? मग मी कुठं सोडायचं ते माझं."

"तेरुओला विचारलंस?"

"तुम्ही जा विचारायला. तो बंद आहे."

मियाताकेनं टॉवेलनं तोंड पुसलं. काहीतरी बोलावं असं त्याच्या मनात आलं असेल, पण तसा नियम जुन्या कुणालाच आठवत नसावा. तो सायकल वळवून गेला.

किनुए खाचरात उभी होती. "मी मागितलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही मागितलं."

"मला उपकार नकोत कुणाचे. तुझं भात जाईल."

"जाईल."

किनुए थांबली. पाणी तिच्या घोट्यांभोवती चढत होतं. ते कुणाची वाट बघत थांबणार नव्हतं. मग ती वळली आणि कोरड्या कोपऱ्याकडं खोऱ्यानं चर ओढायला लागली. कायोही उतरली. दोघींनी मिळून पाणी शेंड्यापर्यंत नेलं. त्या सबंध वेळात किनुएनं तिच्याकडं एकदाही बघितलं नाही. वर मोरी बंद झाली असणार; पाणी पाटातच बारीक होत गेलं, मग तुटलं, आणि मियाताके पुन्हा आला नाही. किनुएनं आपलं दारं लिंपून बंद केलं, खोरं धुतलं, आणि तिच्या वाटेनं निघून गेली. बांधावर तिनं फडक्यात बांधून आणलेले भाताचे गोळे तसेच होते. कायोनं ते तिला हाक मारून दिले नाहीत.

ऊन कलल्यावर तेरुओ आला. सायकल लांब उभी करून चालत आला. मागं कळक बांधलेला, तारेचं वेटोळं खांद्यावर. आपल्या खाचराच्या कडेला तो थांबला. भेगा होत्या तशा होत्या. बोटभर रुंद, आत अंधार. शेजारी किनुएचं खाचर कडेपर्यंत पाण्यानं भरलेलं, आणि त्यात संध्याकाळचं आभाळ. त्यानं एकदा हे बघितलं, एकदा ते.

"कुणी केलं?" त्यानं विचारलं.

"मी केलं. ह्याला परवाना लागत नाही."

तो खाली बसला. खांद्यावरचं वेटोळं काढून बाजूला ठेवलं. पोटरीतलं एक भात त्यानं बोटांनी चाचपलं, आत दाबून बघितलं, सोडून दिलं. वर्षाचं खाणं होतं ते.

"मी बोलले तेव्हा काका कुठं होते?" कायोनं विचारलं.

"तिथंच. हाताच्या अंतरावर."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"जे ऐकायला नको होतं ते ऐकलंच नाही असं धरायचं असतं," तेरुओ म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "काकांनी उदबत्ती लावली ती मी बघत होतो. जळत आली तेही बघत होतो. तुला वाटेल मला काही वाटलं नाही."

कायोनं खोऱ्याला चिकटलेला चिखल निपटला.

"तिचं शेंड्यापर्यंत भिजलं का?" त्यानं विचारलं.

"भिजलं."

"त्या कोपऱ्यातपण? तो उंच आहे."

"तिथंपण."

"बरं झालं," तेरुओ म्हणाला. "बरं केलंस. मला सुचलं नसतं." आणि तो मनापासून म्हणाला, हे कायोला कळलं. इतकी वर्षं ती त्याचा आवाज ओळखत होती. त्याच्या मनात आपल्या भाताबद्दल एक वाकडा शब्द नव्हता. हे खाचर मागितलं असतं तर त्यानं दिलं असतं, घर दिलं असतं, बांबूच्या बनातून छाती फुटेपर्यंत पळाला असता.

तेव्हा तिला रडू फुटलं. दिवसभर आलं नव्हतं ते आलं. तो भांडला असता, भाताचा हिशेब मागितला असता, तर तिला त्याचा नुसता राग धरून राहता आलं असतं, आणि राग कधीतरी उतरतो.

"सगळं द्याल तुम्ही," ती म्हणाली. "मला माहितीय. पण किनुएताई एक शब्द मागत होती."

तेरुओनं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून ते तिला कळलं नाही. तो उठला, तिच्या हातातलं खोरं घ्यायला त्यानं हात पुढं केला. कायोनं खोरं दिलं नाही. ते खांद्यावर टाकून ती बांधावरून पुढं निघाली, आणि तो सायकल ढकलत मागून, जरा अंतर ठेवून येत राहिला.